जित्या माणसाची राख

जमादारानं तोंडावरचं धोतर बाजूले केलं अन् मले विचारलं, बाई, नीट पाहून सांगा, हा तुमचा कोण होय? मी म्हटलं, भासरा. तो माझा नवरा होता. जलमभर ज्याच्या संगं एका चुलीवरचं खाल्लं तो माझा नवरा वर्धेच्या काठी रेतीत पडला होता, अंग फुगलं होतं, चेहरा वळखू येत नव्हता, पण डाव्या पायाचा अंगठा बंडीच्या चाकाखाली चेंदला होता तो तसाच होता, मले तेवढा पुरला. जमादारानं नाव विचारलं, मी नामदेव सांगतलं. नामदेव नावाचं आमच्या घरात कधीच कोणी नव्हतं. जमादार म्हणे, रडायचं असन तं रडा बाई, कोणी काही म्हणणार नाही. मी रडली नाही. भासरा म्हंजे नवऱ्याचा मोठा भाऊ, त्याच्यासाठी भावजय काही गळा काढत नाही, डोळ्याले पदर लावते अन् होते. मी रडली असती तं ते रडणं भासऱ्याचं वाटलं नसतं. अन् त्या गर्दीत दोन माणसं उभी होती, ते मले पाहून राहिले होते का मी काय म्हणते.

आता तुमी म्हणाल, बुढे, असं काहून केलं. सांगते. तुमी लिहून घ्या, पण मधात विचारू नका, माझा धागा तुटते.

माझं नाव गोदावरी. माहेर दर्यापुराकडलं. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, काळी जमीन, चिखलात पाय घातला का जोडा आतच राहे. शाळेत मी दुसरं बुक शिकली, तिसरं हातात आलं अन् लगन झालं. एक भाऊ होता मले, तो सासऱ्याच्या वावरावर गेला आर्वीकडे, वर्धा नदीच्या पल्याड. बाकी माझं कोणी नाही. पोरगी एक झाली होती, ते मानमोडीच्या साथीत गेली, दोन दिवस ताप अन् खलास. त्यावर्षी घराघरातून माणसं गेले, कोणी कोणाले रडावं.

माझा माणूस पुंजाजी. तवा नाव घेत नव्हती, आता घेते, आता कोणाची लाज. आमी अकोल्याले जुन्या शहरात मोर्णेच्या काठाले खोपडीत राहत होतो. तो लबाड होता. मी लपवत नाही, साऱ्या गल्लीले माहीत होतं. कापसाच्या दिवसात पहाटे बाजाराकडे बंड्यायची लाईन लागे, बंडीवाला धुऱ्यावर बसून डुलक्या घेऊन राहे, हा मांगून ओंजळ ओंजळ कापूस ओढे, उजाडेपर्यंत एक पोतडं भरे. कापूस सरला का जत्रा. बोराच्या आठोळ्या, म्हंजे बिया, जमवून आणे, त्या काथात उकळे, सुईनं त्यायले रेघा मारे अन् रुद्राक्ष म्हणून विके. माझी घरातली कढई त्या काथानं लाल झाली, वरण केलं तरी तुरट लागे. मी म्हणो, अवो, देवाले तरी भ्या. तो म्हणे, देवाले मी काय फसवलं, बोर बी त्यानंच केलं. गळ्यात घालणाऱ्याचं काही बिघडत नाही, चार दिवस दारू सोडते बिचारा. असा माणूस. पकडला का शिपाई चार रट्टे देत, कधी महिना दीड महिना आत. जेलातून आला का पहिले आंघोळ करे अन् म्हणे, गोदे, झुणका कर, तथी मीठ नसते.

कोणाच्या घरात तो शिरला नाही, कोणावर हात उचलला नाही. मले बी कधी मारलं नाही. हे मी बढाई म्हणून नाही सांगत, होतं ते सांगते.

मंग म्हातारपण आलं. चोराले म्हातारपण वंगाळ, काय सांगू तुमाले. हात थरथरे, आठोळीवर रेघ वाकडी जाये. डोळे गेले. एका जत्रेत एका पाटलाच्या पोरानं माळ पाण्यात टाकली, तिचा रंग सुटला, लोकायनं याले असा तुडवला का उजवा गुडघा कायमचा गेला. तवापासून उतार आला, पायऱ्या आल्या, का तो हात लांब करे अन् मी खांदा पुढे करो. तो काही म्हणत नव्हता, मी काही म्हणत नव्हती. बैल जसा आपसूक जुवाखाली मान घालते तसं झालं होतं ते.

बाजारात नवे पोट्टे आले होते, ते ब्लेडनं खिसे कापत, याले हसत. म्हणत, रुद्राक्षबुवा, आता खरंच जपमाळ ओढा. ते त्याले लागे. बसून राहे अन् बोले, बोलतच राहे, मी असतो तं असं केलं असतं, मी असतो तं तसं केलं असतं. त्याचं तोंडच त्याचं वैरी झालं.

तवा वऱ्हाड नागपूरच्या इंग्रज सरकारात होतं. अफू सरकारच विके, ठेक्याच्या दुकानात, भाव बम चढा होता. मेळघाटाच्या पल्याडून, संस्थानातून चोरून अफू ये, धारणीच्या जंगलातून खाली अकोल्याले, अन् अथून रेल्वेनं, मोटरीनं सगळीकडे. त्या धंद्यातली माणसं आमच्यासारखी नव्हती. त्यायचा अकोल्यातला माणूस दादाराव. पांढरा कोट, पान खाये नाही, आवाज चढवे नाही, मले कधी अगं म्हटलं नाही, बाई तुमी असंच बोले. त्याच्या वर कोण होतं हे आमाले कधी समजलं नाही. त्यायचा माल स्टेशनवर पकडला जाऊन राहिला होता, अबकारीवाले पेट्या उघडत, गाठोडे सोडत, तेलाचे डबे बी ओतून पाहत. कोणीतरी हे दारूच्या गुत्त्यात बोललं, अन् माझा शहाणा म्हणे, एक गाठोडं इंग्रज बी सोडत नाही. अस्थीचं.

झालं. दुसऱ्या दिवशी दादाराव आमच्या दारात.

तुमाले माहीत आहे, अस्थी नदीत शिरवायले नेतात ते गाठोडं कोणी शिवत नाही, घरात नेत नाही, भुईले टेकवत नाही, झाडाले टांगतात. हिंदू शिपाई हात लावत नाही, मुसलमान शिपाई बी लावत नाही. मडक्यात खाली मेणकापडात अफूचे गोळे, वर राख, राखेत दोनचार हाडं. अकोल्याहून बडनेरा, अमरावती, तथून तिवशापर्यंत मोटर, मंग बंडीनं कौंडण्यपूर. तथी वर्धेच्या काठाले नावाडी त्यायचाच. तो मडकं घे, नदीच्या पल्याड नागपूरकडचा माणूस उभा. अन् दादाराव म्हणे, एकटा बुढा गाठोडं घेऊन फिरला तं कोणी विचारन, पण संगं ताजी विधवा असली का लोक मान खाली घालतात.

मी म्हटलं, कोणाची विधवा?

दादाराव म्हणे, तुमचीच, म्हंजे याचीच. हा तुमचा भासरा होईन, भावाच्या अस्थी घेऊन चालला.

मी माझ्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणे, दोन दिवसाचं सोंग आहे गोदे, मंग हातभर बांगड्या भर. त्याचे डोळे कसे चमकून राहिले होते. कितीक वर्षांनी कोणीतरी त्याचं ऐकलं होतं. पैशापरीस त्याले तेच गोड लागलं असं मले आज बी वाटते.

बांगड्या मीच फोडल्या, पाट्यावर. दुसऱ्याच्या हातानं काहून फोडू. तो तवा भिताडाकडे तोंड करून डोकं भादरून घेत होता, मिश्या बी काढल्या, न्हाव्यानं विचारलं कोण गेलं, तो म्हणे भाऊ. हाडं दादारावानं आणली होती कोणत्यातरी घाटावरून. कोणाची माय होती का कोणाचा बाप, देव जाणे. मी पहिले त्या हाडायले नमस्कार केला अन् म्हटलं, बाप्पा, तुमी जे कोण आहा, तुमाले गंगा नाही तं वर्धा तरी भेटन.

पहिल्याच खेपेले घोटाळा झाला. अकोला स्टेशनवर आमच्या गल्लीतली सखूबाई भेटली, लेकीकडे चालली होती. तिनं माझं कपाळ पाहिलं, हात पाहिले, अन् जे किंकाळी मारली का फलाटावरचे सारे लोक वळले. माय वं गोदा, पुंजाजी गेला! अन् गळ्यात पडली. आता बाई गळ्यात पडून रडत असताना कोणी म्हणन का, नाही वं, तो काय तथी उभा आहे? मी बी रडली. रडावंच लागते. ती म्हणे, चोर होता माय, पण मनाचा गोड होता, माझा तांब्या नेला होता त्यानं, पण मांगं विचारलं तं वापस आणून देला. तो दहा पावलावर गाठोडं धरून उभा, तोंडाले उपरणं. सखूबाई डोळे पुसून त्याले म्हणे, भाऊजी, अगदी भावासारखेच दिसता, फक्त ते जरा काळे होते. त्यानं मान हलवली. गाडीत बसल्यावर मले हसू बी ये अन् घाम बी ये. मले वाटलं, घरी गेल्यावर दोघं हसू.

घरी गेलोच नाही दोघं. मी एकटीच गेली. माझ्याआधी बातमी गेली होती, गल्लीतल्या बाया दारात बसल्या होत्या, कोणी पिठलं आणलं होतं, कोणी भाकरी. गल्लीनं वर्गणी करून तेरवी केली, मी कशी नाही म्हणू. बुंदी होती. लोकायनं जेवून त्याच्या गोष्टी सांगतल्या, हसले, कोणी रडले. मी तथी बसून ऐकत होती का माझा माणूस कसा होता, अन् तो तवा अमरावतीले एका सरकीच्या गोदामात पोत्यावर झोपत होता.

दादाराव म्हणे, हे तं बरंच झालं. मेलेल्या माणसाले कोण शोधते. पुंजाजी आता अमरावतीलेच राहीन.

असं एक वर्ष गेलं, त्याच्यावर बी काही महिने. मी गल्लीत विधवा. सणावारी सुवासिनी एकमेकीले हळदकुंकू लावत, मी घरात बसून त्यायच्या बांगड्या ऐको. त्यायची काही चूक नव्हती, रीत आहे. विधवा बाईले निदान कोणाजोळ मन मोकळं करता येते, तो असा होता, तो तसा होता म्हणून रडता येते. मी काय म्हणू? रडली तं खोटं, हसली तं पाप. मी मंग बोलणंच कमी केलं. दिवसा रेच्यावर, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वेचायले जाऊ लागली, तथी मशीनचा आवाज इतका का कोणाले बोलता येत नाही, मले बरं वाटे.

दादारावाचा निरोप आला का मी स्टेशनवर जाओ. आमची भेट तेवढीच. अन् भेट कशी, तं भासरा अन् भावजयीची. तुमच्यात आता नाही राहिलं, पण आमच्या वेळी भासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळला नाही पाहिजे, त्याच्या संगं बोलायचं नाही, त्याच्या अंगाची सावली पडू द्यायची नाही. चुकून धक्का लागला तं दोघायनं आंघोळ करावी लागे. आमी गाडीत दोन बाकायवर बसो. मी भाकरी करून नेओ, फडक्यात बांधून मधात ठेओ, अन् तोंड फिरवो, मंग तो उचले. एकदा त्याले खोकला होता, खोकून खोकून डोळ्यात पाणी आलं, माझा हात त्याच्या पाठीकडे निघाला तो मी मांडीखाली दाबून बसली. मले फक्त बंडीच्या वाटेवर बोलता ये, बंडीवाला बैलायले ओरडून राहे तवा. तो तिकडे पाहून बोले, मी इकडे पाहून.

तो म्हणे, गोदे, दादाराव मले विचारून काम करते आता. मी म्हणो, घरी कवा येता? तो म्हणे, घरी कसा येऊ, माझी तेरवी झाली. अन् हसे. मले ते हसू आवडे नाही.

मंग एका खेपेले तो आला अन् बोललाच नाही. भाकर बी खाल्ली नाही. बंडी निघाली. मी म्हटलं, काय झालं? निम्मी वाट गेल्यावर म्हणे, धारणीले नेलं होतं मले. त्यायचा एक माणूस होता, माल आणणारा, तो मधातून थोडा थोडा काढून घेत होता म्हणे. दादारावानं मले सांगतलं, तुमी म्हातारे, तुमच्यावर तो इस्वास ठेवन, त्याले नाल्यापर्यंत घेऊन या, समजावून सांगू. मी नेलं. रस्त्यात त्यानं मले मोहाची फुलं खायले देली. नाल्याजोळ तिघं होते. मले म्हणे, तुमी जा आता. मी आलो. गोदे, तो मांगून आलाच नाही.

तवा आमाले समजलं आमी कुठी येऊन बसलो ते. जत्रेत आठोळ्या विकणारा माणूस, त्याले मारलं तं लोक तुडवत अन् सोडून देत. हे सोडणारे नव्हते.

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा भरते, त्या खेपेले तो बंडीवर चढता चढता पुटपुटला, आज मडकं नावाड्याले देलं का आपण बी दुसऱ्या नावेनं पल्याड. तुझ्या भावाकडे आर्वीले. तथी मले कोणी वळखत नाही, तथी मी मेलो बी नाही. तू कुंकू लाव. मी म्हटलं, खरंच? तो म्हणे, मले घरचा झुणका खायचा आहे आता, बस झालं. पदराखाली मी हसली, तो हसला का नाही मले दिसलं नाही.

आमाले फक्त घाट उतरायचा होता.

जत्रेची गर्दी, वर देवळातून घंटा, टाळ, पायऱ्यावर बाया दिवे घेऊन चाललेल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. पायऱ्या ओल्या होत्या. तो माझ्या मांगं होता, डाव्या हातात गाठोडं, अन् पायरी आली तसा त्याचा उजवा हात आपसूक माझ्या खांद्यावर आला. अन् मी थांबली बी नाही, तशीच उतरली, पायरी पायरीनं, त्याचं सारं वजन खांद्यावर घेऊन, जशी घरी उतरो तशी. मले समजलंच नाही. इतक्या महिन्यांनी तो हात आला होता, अन् मले तो नवा वाटलाच नाही.

खाली बंदोबस्ताले एक जमादार होता, कुणब्याचा माणूस, मोठ्या मिश्या. तो आमच्याकडे पाहतच राहिला. मंग पुढे आला अन् विचारलं, गाठोडं कोणाचं? माझा माणूस म्हणे, भावाचं. ही बाई कोण? भावजय. जमादार म्हणे, अन् भावजयीच्या खांद्यावर हात?

अफूचा संशय त्याले नव्हताच. त्याले दुसराच संशय होता. तो मोठ्यानं म्हणे, लाज नाही वाटत बुढ्या, भावाची राख हातात अन् भावाची बायको बगलेत? बाया जमल्या. एक म्हणे, पाहा वं माय, केस पिकले अन् चाळे पाहा. दुसरी म्हणे, तिले काय म्हणावं, दहावं तरी झालं का नवऱ्याचं? एक बुढी माझ्या अंगावर थुंकली. मी पदर ओढून उभी.

आता तुमीच सांगा, त्यानं काय म्हणावं. ही माझी लगनाची बायको होय, एवढं म्हटलं असतं तं साऱ्या बाया चूप झाल्या असत्या. पण मंग गाठोड्यात कोण? गाठोडं उघडलं असतं, अन् दोघं जेलात, अन् जेलात बी दादारावाचे माणसं होतेच. त्यानं खाली मान घालून शिव्या खाल्ल्या.

जमादार म्हणे, मी इथी उभा आहो, पहिले अस्थी सोड पाण्यात. माझ्यासमोर सोड. मंग पाहतो तुले.

नावाडी दहा हातावर नाव धरून उभा होता, त्याच्याकडे यानं एकदा पाहिलं. नावाड्यानं तोंड फिरवलं. ब्राह्मण आलाच, जत्रेत ते असतातच. नाव विचारलं मेलेल्याचं. माझ्या माणसानं सांगतलं, पुंजाजी. बापाचं नाव? तेही खरं सांगतलं. ब्राह्मणानं मंत्र म्हटले, पिंड ठेवला, अन् कावळा झटकन आला अन् शिवून गेला. जमादार म्हणे, पाहा, भाऊ तरी शहाणा होता. माझा माणूस त्या कावळ्याकडे पाहतच राहिला. कावळ्याले काय, जत्रेतले कावळे, हावरेच. पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मंग तो कमरेइतक्या पाण्यात गेला अन् मडकं उपडं केलं. राख पसरली. गोळे दगडासारखे खाली गेले, कोणाले दिसले बी नाही. ती कोणाची हाडं होती ती गेली.

मले वाटलं, झालं, आता जाऊ देईन. अंग पुसून झालं का गर्दीत मिसळू, पल्याड जाऊ, नावाड्यानं दादारावाले सांगेपर्यंत आर्वी गाठू. पण तो जमादार चांगला माणूस होता ना. त्याले माझी अब्रू वाचवायची होती. म्हणे, बाईले बायायच्या बंडीत बसवा, तिवशाले पोचवा, अन् मोटरीत बसेपर्यंत सोडू नका. तुमचा पत्ता काय बाई, लागलं तं तुमच्या गल्लीतल्या लोकायले मी सांगीन या बुढ्याचं. मी पत्ता सांगतला. अन् याले म्हणे, तू नदीच्या काठाकाठानं खाली जा, पायी, अन् या बाईच्या जोळ पुन्हा दिसला तं हाडं मोडीन.

माझ्या माणसानं हात जोडले, म्हणे, जमादारसाहेब, गुडघा चालत नाही, मले पल्याड सोडा. जमादार म्हणे, चालन. गुडघा लगेच आठवला.

बायायनं मले बंडीत चढवलं. मी मांगच्या बाजूले बसली होती, म्हणून मले दिसत होतं. तो रेतीतून लंगडत चालला होता, अन् नावाड्यानं नाव सोडली अन् काठाकाठानंच खाली जाऊ लागला, त्याच्या मांगं मांगं, घाई न करता. मी त्या बायायले म्हटलं, मले उतरू द्या. ते म्हणे, बस चुपचाप, अजून लाज गेली नाही का तुझी. दोघींनी माझे हात धरले. बाभळी आल्या, मंग नदी दिसेनाशी झाली.

घरी येऊन मी वाट पाहत बसली. दादारावच आला. अंगणात खाटेवर बसला, पाणी मागितलं, पिलं. म्हणे, बाई, तुमच्या माणसाकडून नुकसान झालं. मी म्हटलं, कोणत्या माणसाकडून? माझा माणूस मांगच्या सालीच मेला, साऱ्या गल्लीनं बुंदी खाल्ली. तो म्हणे, हुशार आहा. असंच म्हणत राहा, जगाल. अन् गेला.

मंग जमादाराचा शिपाई आला, नदीत मढं सापडलं म्हणे, चला वळखायले. ते मी तुमाले पहिलेच सांगतलं, अन् गर्दीतली ती दोन माणसं दादारावाचीच होती. लाकडं जमादारानंच आणली, स्वतःच्या खिशातून पैसे घालून, तो आतून हलला होता. मले म्हणे, बाई, त्या दिवशी मी जास्तच बोललो काय? मी म्हटलं, नाही बाप्पा, रीतीनंच बोलले तुमी. नामदेव म्हणून जाळला त्याले. बाया मसणात थांबत नाहीत, मी बी थांबली नाही, बंडी मिळाली त्यात बसली.

त्याच्यावर किती पावसाळे गेले. इंग्रज गेला, नागपूरचं ते राज्य गेलं, मुंबईचं झालं, आता म्हणे महाराष्ट्र आहे. रेच्यावर मी हात थकेपर्यंत कापूस वेचला, मंग त्यायनं म्हटलं बुढे घरी बस. आता घरीच असते. सकाळी दारात बसते, गल्लीतले लोक ये-जा करतात, नवे आहेत सारे, मले बुढी म्हणतात, माझं नाव कोणाले माहीत नाही. गल्लीतल्या सुना आपसात भांडल्या का माझ्याजोळ येतात, मी काही बोलत नाही, म्हणून त्यायले बरं वाटते. जेवण एका वेळचं करते, दोन वेळा चूल पेटवायची कोणासाठी. भावाकडे आर्वीले मी कधी गेलीच नाही, कोणत्या कपाळानं जाऊ, आता भाऊ बी गेला.

तुमी तरण्या आहा, तुमचा घरधनी जे काही असन ते असन, लबाड असला तरी घरी जेवायले येऊ द्या. बाकी मले काही सांगायचं नाही.

दादारावाले मेळघाटात त्याच्याच माणसायनं तोडला असं ऐकलं होतं. नावाडी पुरात गेला. जमादार पेन्शन खाऊन मेला. सखूबाई परवाच्या उन्हाळ्यात गेली. मी आहो.